उंच पोरगा

आपण ज्याला कडुनिंब म्हणतो
त्याला कात्सिनाच्या बाजूला म्हणतात डोगोन यारो,
म्हणजे उंच पोरगा.
म्हणून लराई जेव्हा विहिरीवर सांगते
की उंच पोराला यंदा फुलोरा उशिरा आला,
तेव्हा कुणी मान वर करत नाही.
पाहुण्यांची फसगत होते तेवढीच.

तिचा दुसरा उंच पोरगा
जुळ्यांच्या पाठचा, म्हणून गांबो.
दोन वर्षं उलटून गेली तरी दूध तुटेना,
तेव्हा शेजारची डेलू म्हणाली, झाड काय फक्त सावलीला आहे?
मूठभर कोवळा पाला
उखळात ठेचून तिने छातीला लावला
आणि डोळे मिटून बसली.
पोराने तोंड लावलं,
तोंड काढलं,
तिच्याकडे असं पाहिलं
जसं खोटं नाणं परत करताना
दुकानदाराकडे पाहतात.
रडला नाही.
हे तिला अजून बोचतं.

बाकी गावाला त्या झाडाचं फार कौतुक नाही.
बकऱ्या तोंड लावत नाहीत, म्हणून ते टिकलं,
एवढंच.
हरमट्टान सुटला की धूळ आधी त्याच्यावर बसते,
मग घरांवर.
चवळीच्या रांजणात तळाला पाला, वर पाला;
किडा लागला तर भाव पडतो,
वास लागला तर गिऱ्हाईक नुसतं नाक मुरडतं.
आणि कुणाला ताप भरला
की मडक्यात पाला उकळायचा,
घोंगडीखाली माणूस आणि वाफ
दोघांनाच ठेवायचं.
बाहेर पोरं कान देऊन बसतात.
मागच्या साली म्हातारा मंताऊ
आतून सगळ्यांच्या बापाचा उद्धार करू लागला,
तशी पोरं उठून खेळायला गेली:
जगतोय.

गांबोची उंची ती खोडावर कोरायची,
दर रमझानला एक खूण.
झाड वरून वाढतं, बुंध्याकडून नाही,
त्यामुळे खुणा जिथल्या तिथे,
नुसत्या रुंद होत गेल्या,
जुन्या जखमेसारख्या नाही,
हसताना होतात तशा.
सतरावी खूण शेवटची.
मग आगादेझकडे जाणारा ट्रक,
मग वाळू, मग सबहा नावाचं शहर,
तिथे सिमेंटच्या गोण्या,
आणि एके रात्री फोनमध्ये त्याचा आवाज:
आई, हुडहुडी भरते गं.
इथे उंच पोरगा कुठेच दिसत नाही.
ती आधी हसली.

पाला उन्हात वाळवला तर जीव जातो त्याचा.
तिने सावलीत वाळवला, सहा दिवस,
स्वतःच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधला
आणि गोणीभर गाठोडं टांकोच्या ट्रकवर चढवलं.

टांको माणूस वाईट नव्हे.
पण प्रत्येक मुक्कामाला डास होते,
त्याने मूठ मूठ जाळला.
एका नाक्यावरच्या शिपायाला खरूज होती,
पैशांऐवजी त्याला दोन ओंजळी दिल्या.
बरोबरच्या प्रवाशाचं पोट,
दुसऱ्याच्या कोंबड्यांच्या पिसवा.
वाळवंटात वाऱ्याने आपला वाटा घेतला.
तीन आठवड्यांनी गांबोच्या हातात
फडकं पडलं, आणि फडक्यात
मूठभर पाला.

त्याने तो उकळला
सिमेंटच्या डब्यात, बाराजणांच्या खोलीत,
वासावरून दोघे भांडले.
मग निरोप पाठवला, अकरा सेकंदांचा:
आई, सगळं प्यालो.
तोंड काढलं नाही.

लराईने तो विहिरीवर ऐकवला,
पोहरा वर येईपर्यंत दोनदा,
भरून झाल्यावर पुन्हा.
बायका हसल्या, कुणीतरी डोळे पुसले.
डेलूने डोक्यावर हंडा ठेवता ठेवता विचारलं,
मग, ताप उतरला का त्याचा?

ते
तिने विचारलंच नव्हतं.